योजनेतील रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर कर्मचाऱ्यावर तक्रार करण्याचे कायदेशीर बंधन आहे का?

शाहूपुरीची_लेक (मूळ प्रश्न)

मी कोल्हापूर शहरातील एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग विभागात गेली सहा वर्षे काम करते. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही आणि कृपया कोणी अंदाजही बांधू नये. हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे. त्यामुळे योजनेतील रुग्णांचे केसपेपर, पूर्वमंजुरीची कागदपत्रे आणि डिस्चार्जच्या वेळी घेतले जाणारे समाधानपत्र माझ्याच टेबलावरून पुढे जाते.

गेल्या काही महिन्यांत मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की योजनेत नोंद होण्यापूर्वी नातेवाइकांकडून ‘डिपॉझिट’ म्हणून रोख रक्कम घेतली जाते, त्याची पावती साध्या चिठ्ठीवर दिली जाते आणि डिस्चार्जच्या दिवशी ती चिठ्ठी परत घेऊन ‘आमच्याकडून एकही रुपया घेतलेला नाही’ अशा मजकुराच्या पत्रावर त्यांची सही किंवा अंगठा घेतला जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जनरल वॉर्डमध्ये असलेल्या रुग्णांचे काही दिवस अतिदक्षता विभागात दाखवून क्लेम पाठवला जातो. अशी नोंद करण्यास मी दोन वेळा टाळाटाळ केली. तिसऱ्या वेळी मात्र केली, आणि त्या कागदावर माझी सही आहे.

मला विचारायचे आहे ते नैतिक कर्तव्याविषयी नाही, ते मला कळते. कायद्याने मी हे कळवण्यास बांधील आहे का? गप्प राहिले तर मी आरोपी होते का? आणि कळवायचे ठरवले तर कोणाकडे, कोणत्या स्वरूपात कळवावे, म्हणजे उद्या माझ्यावरच बदनामीचा खटला उभा राहणार नाही? घरी मी एकटी कमावती आहे, हे लक्षात घेऊन उत्तर द्यावे, ही विनंती.

जुन्या_कोर्टाजवळचा_वकील

ताई, तुमच्या प्रश्नातील तीन भाग वेगळे केले नाहीत तर उत्तर चुकेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सामान्य नागरिकाने प्रत्येक गुन्ह्याची खबर पोलिसांना दिलीच पाहिजे, असा आपल्याकडे कायदा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये काही ठरावीक गुन्ह्यांची यादी आहे. त्यांची माहिती असणाऱ्या व्यक्तीने, वाजवी कारण नसेल तर, ती जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला तत्काळ दिली पाहिजे, असे ते कलम सांगते. खून, दरोडा यांसारखे गुन्हे त्यात आहेत. आरोग्यसेवेशी संबंध येतो तो दोन ठिकाणी: औषधांतील भेसळ आणि भेसळयुक्त औषधांची विक्री ही कलमे त्या यादीत आहेत, आणि लोकसेवकाने केलेला फौजदारी विश्वासघातही आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, म्हणजे फसवणूक, त्या यादीत नाही. सबब खासगी रुग्णालयाने खोटा क्लेम पाठवला हे केवळ माहीत असणे आणि ते न सांगणे, एवढ्यामुळे तुम्ही कायदा मोडलेला नाही.

परंतु तुमची अडचण मौनाची नाही, सहीची आहे. न्याय संहितेचे कलम ३४४ हिशेबांच्या खोटेपणाविषयी आहे, आणि त्यात ‘कारकून, अधिकारी किंवा सेवक’ असे शब्द आहेत. मालकाच्या वतीने ठेवल्या जाणाऱ्या वहीत, कागदात किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदीत जाणूनबुजून आणि फसवणुकीच्या उद्देशाने खोटी नोंद करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘वरिष्ठांनी सांगितले म्हणून केले’ हा बचाव येथे चालत नाही. तात्काळ मृत्यूची धमकी असेल तरच धाकाखाली केलेल्या कृत्याला संरक्षण मिळते, नोकरी जाण्याची भीती त्यात बसत नाही. म्हणून आजपासून एकही खोटी नोंद करू नका, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला. नकार तोंडी न देता दोन ओळींच्या ईमेलने द्या: ‘अमुक तारखेच्या क्लेममधील अतिदक्षता विभागाचे दिवस वॉर्डच्या नोंदवहीशी जुळत नाहीत, त्यामुळे मी ही नोंद करू शकत नाही.’ त्यात आरोप नको, विशेषणे नकोत.

जी एक सही झाली आहे, तिच्याबाबत येथे चर्चा करू नका. प्रत्यक्ष वकील गाठून, कागद समोर ठेवून त्याचा सल्ला घ्या. स्वतःहून आधी माहिती देणाऱ्याचे आणि चौकशीत सापडणाऱ्याचे स्थान वेगळे असते, एवढेच सांगतो. हे क्लेम १ जुलै २०२४ पूर्वीचे असतील तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमे, म्हणजे ४२० आणि ४७७-अ, लागू होतील. आशय तोच आहे.

बदनामीविषयी. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये जे अपवाद दिले आहेत, त्यांत आठवा अपवाद असा आहे की ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. याचा अर्थ ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला लिहिलेले पत्र सुरक्षित आहे. तेच पत्र गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर सुरक्षित नाही. लोक नेमके उलटे करतात. आधी समाजमाध्यमावर फोटो टाकतात आणि मग आमच्याकडे नोटीस घेऊन येतात. दुसऱ्या बाजूने, खोटे आहे हे माहीत असून लोकसेवकाला माहिती देणे हा कलम २१७ खाली गुन्हा आहे. म्हणून पत्रात स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे, आणि ऐकीव गोष्ट लिहायचीच असेल तर ती ऐकीव आहे असे म्हणावे.

संरक्षणाबाबत मात्र खोटी आशा देणार नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला, पण तो अंमलात आणलेला नाही. आणि तो आला असता तरी त्याचा रोख मुख्यतः लोकसेवकांच्या भ्रष्टाचारावर आहे. खासगी रुग्णालयातील कर्मचाऱ्यासाठी तशी ढाल आज नाही. त्यामुळे तक्रारीत नाव गोपनीय ठेवण्याची लेखी विनंती करा, आणि ती पाळली जाईलच असे गृहीत धरू नका.

गडहिंग्लजचा_डॉक्टर

वकीलसाहेबांनी कर्मचाऱ्यांविषयी लिहिले आहे ते बरोबर आहे. डॉक्टरांची स्थिती थोडी निराळी आहे, तीही येथे यावी. व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की व्यवसायातील अकार्यक्षम, भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तन डॉक्टरने भय वा पक्षपात न ठेवता उघड करावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच विनियम पुन्हा लागू झाले. हे कर्तव्य कागदावर आहे. ते न पाळल्याबद्दल कोणा डॉक्टरवर कारवाई झाल्याचे माझ्या पंचवीस वर्षांच्या व्यवसायात मी ऐकलेले नाही. कट प्रॅक्टिसचेही तसेच. कमिशन घेणे वा देणे त्याच विनियमांनी निषिद्ध आहे, राज्यात त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१७ साली तयार झाला, आणि तो मसुदाच राहिला.

ताई, तक्रार करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र तपासून घ्या, कारण माझ्या व्यवसायबंधूंची बाजूही थोडी आहे. रोख घेतलेली प्रत्येक रक्कम गैर असतेच असे नाही. रुग्णाचा आजार योजनेच्या यादीत नसतो, पूर्वमंजुरी नाकारलेली असते, किंवा पहिल्या दिवशी शिधापत्रिका आणि ओळखपत्र हाती नसल्यामुळे रुग्ण सामान्य रुग्ण म्हणून दाखल झालेला असतो. अशा वेळी घेतलेले पैसे आणि पूर्वमंजुरी मिळाल्यानंतर त्याच उपचारासाठी घेतलेले पैसे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला कोणतेही समर्थन नाही, कारण पॅकेजमध्ये, म्हणजे योजनेने उपचारासाठी ठरवलेल्या रकमेत, तपासण्या, औषधे, भोजन आणि परतीचा प्रवासखर्च धरलेला असतो. पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिले महिनोन्महिने थकतात, ही आमची तक्रार खरी आहे. पण तिचे उत्तर सोसायटीकडे मागायचे असते, रुग्णाच्या नातेवाइकाच्या खिशातून काढायचे नसते. अतिदक्षता विभागाचे खोटे दिवस दाखवण्याला तर कसलेच स्पष्टीकरण असू शकत नाही.

जेथे कळवणे खरोखरच सक्तीचे आहे असे विषय थोडे आहेत, पण ते प्रत्येकाला पाठ असावेत. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. आरोपी हा त्याच रुग्णालयातील डॉक्टर किंवा वॉर्डबॉय असला तरी सूट नाही, ‘संस्थेचे नाव खराब होईल’ हे कारण चालत नाही, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्याच कलमात संरक्षणही आहे. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितेला मोफत प्रथमोपचार देऊन तत्काळ पोलिसांना कळवणे हेही सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

राधानगरी_रोड

मी कायद्याचा माणूस नाही. माझ्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी जे घडले ते सांगतो, कारण ताईंच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी उभा होतो. रुग्णालय जिल्ह्यातीलच होते, नाव लिहीत नाही. पूर्वमंजुरी आल्याचा संदेश मोबाइलवर आला होता आणि तरीही ‘चांगला स्टेंट हवा असेल तर वरचे चाळीस हजार’ असे सांगण्यात आले. मी दिले. अशा वेळी कोणीही देतो.

घरी आल्यावर १५५३८८ या क्रमांकावर फोन केला. त्यांनी माहिती घेतली आणि तक्रारीचा क्रमांक दिला. मग लेखी अर्ज योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे दिला आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवकमध्ये देऊन शिक्क्यासह पोच घेतली. अर्ज एका पानाचाच ठेवला: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या खिडकीवर, कोणी, किती रक्कम मागितली आणि ती मी कशी दिली. माझ्याकडे पावती नव्हती, पण त्याच दिवशी पतसंस्थेतून चाळीस हजार काढल्याची पासबुकातील नोंद होती, आणि तीच उपयोगी पडली. वडिलांचे केसपेपर मागितले तेव्हा आधी टोलवाटोलवी झाली. लेखी अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या.

पाच आठवड्यांनी रक्कम धनादेशाने परत मिळाली. पण धनादेशाबरोबर एक तयार टंकलिखित कागद पुढे आला. त्यात लिहिले होते की ‘गैरसमजातून तक्रार केली होती, ती मागे घेत आहे.’ त्या कागदावर मी सही केली नाही. फक्त ‘इतकी रक्कम मिळाली’ असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. माझे हे करणे बरोबर होते का, हे वकीलसाहेबांनी सांगावे.

जुन्या_कोर्टाजवळचा_वकील

अगदी बरोबर होते. ‘गैरसमजातून’ हा शब्द मान्य केला असता तर तुमचीच तक्रार खोटी होती असे तुम्ही लिहून दिल्यासारखे झाले असते. पैसे परत मिळाल्याने गुन्हा पुसला जात नाही. फसवणुकीचा गुन्हा फसवल्या गेलेल्या व्यक्तीला मिटवता येतो, पण तोही न्यायालयाच्या परवानगीने. शिवाय ज्या क्लेममध्ये सरकारी पैसा गेला आहे, तेथे फसवली गेलेली व्यक्ती तुम्ही एकटे नसता.

प्रती मिळवण्याबाबत एक पुस्ती: रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे २००२ च्या विनियमांत आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात असेही आहे. हीच मुदत ध्यानात ठेवून तक्रार लवकर करावी. ग्राहक आयोगात जायचे असेल तर दोन वर्षांची मुदत आहे.

हाच प्रसंग एखाद्या सरकारी रुग्णालयात घडला असता, तर कायदा पूर्ण बदलला असता. तेथील डॉक्टर लोकसेवक असल्याने प्रकरण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात येते आणि तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, १०६४ वर, करावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. अगतिकतेने द्यावी लागली असेल तर त्याला सूट आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच. आठव्या दिवशी केलेल्या तक्रारीत तक्रारदाराला ही सूट सांगता येत नाही. कळवण्याच्या बंधनाविषयी बोलायचे तर सामान्य रुग्णाला सर्वांत जवळून लागू होणारे बंधन हेच आहे, आणि सीपीआरच्या (कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयाच्या) आवारात विचारलेत तर दहा जणांतील एकालाही ते ठाऊक नसेल.

ओहायोतील_कोल्हापूरकर

मी येथील एका रुग्णालयाच्या बिलिंग तपासणी विभागात काम करतो. तुलना म्हणून लिहितो, सल्ला म्हणून नव्हे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांसाठी खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा झाला. आज त्याचा मोठा वापर सरकारी आरोग्य विम्यातील फसवणुकीसाठी होतो. त्यात कर्मचाऱ्याला सरकारच्या वतीने स्वतः दावा लावता येतो आणि वसूल झालेल्या रकमेचा साधारण १५ ते ३० टक्के हिस्सा त्याला मिळतो. तक्रारीमुळे नोकरीवरून काढले तर त्याविरुद्धही त्याच कायद्यात उपाय आहे. शिवाय सरकारकडून जास्त रक्कम आल्याचे रुग्णालयाला लक्षात आले, तर ती ६० दिवसांत कळवून परत करण्याचे बंधन रुग्णालयावरच आहे. ताईंनी करायला हवी असलेली गोष्ट येथे कायद्याने त्यांच्या मालकाने करायची असते.

गडहिंग्लजचा_डॉक्टर

आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट एकच आठवते, ती म्हणजे गर्भलिंगनिदानाची खबर देणाऱ्यास बक्षीस देणारी राज्य शासनाची खबरी योजना. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यात समुचित प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणसालाही थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येते. सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण, जोडण्याचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात झाला होता, तेव्हा आम्ही डॉक्टरांनी पुष्कळ कुरकुर केली होती, हेही कबूल करतो. क्लेमच्या बाबतीत तसे काही यंत्र बसवता आले असते तर ताईंना हा प्रश्न विचारावा लागला नसता.

शाहूपुरीची_लेक

सर्वांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी पूर्वमंजुरीच्या तारखा आणि रोख घेतल्याच्या तारखा जुळवून पाहिल्या. सतरा प्रकरणांपैकी पाच मला वगळावी लागली, कारण तेथे मंजुरी नंतर आली होती किंवा नाकारली गेली होती. बारा उरतात. वॉर्ड बदलून दाखवलेली प्रकरणे निराळी.

दोन शंका आहेत. या कागदांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत का? आणि आधी राजीनामा द्यावा, की आधी तक्रार करावी?

जुन्या_कोर्टाजवळचा_वकील

रुग्णांचे केसपेपर घरी नेऊ नका आणि त्यांचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवू नका. रुग्णाची माहिती गोपनीय असते, आणि तक्रारदारानेच ती बाहेर काढली असा उलटा आरोप करायला रुग्णालयाला आयते निमित्त मिळते. त्याची गरजही नाही. क्लेमची मूळ कागदपत्रे सोसायटीकडे ऑनलाइन आधीच गेलेली आहेत. त्यांना कोठे पाहायचे एवढेच सांगावे लागते: क्लेमचा क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, आणि वॉर्डची कोणती नोंदवही पडताळून पाहावी. अतिदक्षता विभागात त्या दिवशी किती खाटा भरलेल्या दाखवल्या आणि प्रत्यक्षात किती खाटा आहेत, एवढी बेरीज जरी पथकाने केली तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. तुमच्या स्वतःच्या नकाराचा ईमेल मात्र तुमचा आहे, त्याची प्रत ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायची वेळ आली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते, ते तेव्हा करता येईल.

तक्रार आधी, राजीनामा नंतर, आणि शक्य असेल तर राजीनामा नकोच. नोकरीत असताना केलेली तक्रार ही कामाच्या ओघात दिसलेल्या गोष्टीची माहिती असते. राजीनाम्यानंतरची तीच तक्रार ‘वैतागून सोडून गेलेल्या बाईंचा सूड’ म्हणून रंगवली जाते. पत्र राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे, मुंबईच्या पत्त्यावर, नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. शहरातील रुग्णालयाची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी महापालिकेकडे असते, त्यामुळे पावती न देण्याच्या मुद्द्यापुरती एक प्रत महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांनाही द्यावी. पोलिसांकडे पहिल्याच दिवशी धाव घेऊ नका. सोसायटीच्या तपासणीत खोटे दिवस सिद्ध झाले की गुन्हा दाखल करण्याची जबाबदारी तिच्यावर येते आणि फिर्यादी तुम्ही राहत नाही, साक्षीदार होता. कोल्हापुरात त्याच शहरात राहून नोकरी करायची असेल तर हा फरक लहान नाही.

वगळलेली पाच प्रकरणे पत्रात का घेतली नाहीत, तेही एका वाक्यात लिहा. चौकशी अधिकारी तेवढ्यावरूनच ओळखतो की लिहिणाऱ्याने कागद पाहिलेले आहेत.

शाहूपुरीची_लेक

पत्राचा मसुदा तयार केला आहे, दीड पान झाले. माझ्या सहीचा कागद घेऊन उद्या दुपारी जिल्हा न्यायालयातील एका वकीलबाईंकडे जात आहे. त्यांनी पाहिल्यावर सोमवारी टपालात टाकेन.